'डिड' आलं की क्रियापद मूळ रूपात: इंग्रजी साध्या भूतकाळातले नकार आणि प्रश्न

'आय डिड नॉट वेंट.' इंग्रजी बोलायला लागलेल्या मराठी माणसाच्या तोंडून हे वाक्य हमखास निघतं. दहावीला इंग्रजीत चांगले मार्क मिळालेल्यांच्याही तोंडून निघतं. अभ्यास कमी पडला म्हणून नाही, तर मराठीची सवय आडवी येते म्हणून. आपण 'मी गेलो' म्हणतो आणि नकार द्यायचा झाला की त्याच 'गेलो'ला 'नाही' जोडतो: 'मी गेलो नाही'. क्रियापद होतं तसंच भूतकाळात राहतं. इंग्रजीत मात्र नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ क्रियापदावरून निघून 'डिड'वर जातो आणि क्रियापद मूळ रूपात परततं. म्हणून 'आय डिड नॉट गो'.

भूतकाळाचा शिक्का वाक्यावर एकदाच मारायचा, एवढं मनात धरून पुढे वाचा. 'डिड'वर शिक्का बसला की क्रियापद कोरं. खाली जे काही येणार आहे ते बहुतेक सगळं यातूनच निघतं.

या काळाला शाळेत सिंपल पास्ट टेन्स म्हणतात, मराठीत साधा भूतकाळ. काल, परवा, गेल्या महिन्यात, २०१९ मध्ये घडून संपलेलं सांगायला तो लागतो. होकारार्थी वाक्यं बहुतेकांना जमतात. अडतं ते नकाराशी आणि प्रश्नाशी, आणि रोजच्या कामात नेमकी तीच वाक्यं लागतात: ओटीपी आला नाही, पार्सल मिळालं नाही, तुम्ही फोन केला होता का, मीटिंग कधी संपली. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. ती नुसती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. हे काम जिभेच्या सवयीचं आहे.

तयारी: वहीत जोड्या लिहा

शाळेत आपण 'गो, वेंट, गॉन' असं मूळ रूपापासून पाठ केलं. नकार आणि प्रश्नासाठी वाट उलटी लागते. डोक्यात 'वेंट' आलं की लगेच 'गो' सुचलं पाहिजे. म्हणून वहीत डाव्या हाताला भूतकाळाचं रूप आणि उजव्या हाताला मूळ रूप लिहा. सुरुवातीला एवढ्या जोड्या पुरेत:

वेंट – गो, केम – कम, एट – ईट, सॉ – सी, टुक – टेक, गेव्ह – गिव्ह, बॉट – बाय, ब्रॉट – ब्रिंग, टोल्ड – टेल, सेड – से, थॉट – थिंक, रोट – राइट, सेंट – सेंड, पेड – पे, मेट – मीट, लेफ्ट – लीव्ह, लॉस्ट – लूज, ब्रोक – ब्रेक, फरगॉट – फरगेट.

ज्यांना शेवटी ईडी लागतो त्यांचं काम सोपं आहे: 'कॉल्ड'चं 'कॉल', 'वॉन्टेड'चं 'वॉन्ट'. लिहिताना फक्त स्पेलिंगकडे बघा. 'स्टॉप्ड'मध्ये पी दोनदा येतो, 'स्टॉप'मध्ये एकदाच. 'स्टडीड'मधला आय मूळ रूपात पुन्हा वाय होतो.

काही जोड्या फसव्या आहेत. 'पुट', 'कट', 'हिट', 'शट' यांचं भूतकाळाचं रूप आणि मूळ रूप एकच, त्यामुळे तिथे चूक व्हायला जागाच नाही. 'रीड' लिहायला दोन्हीकडे सारखंच, पण भूतकाळात उच्चार 'रेड' होतो. 'आय रेड द नोटीस', पण 'आय डिडन्ट रीड द नोटीस'. आणि 'पडणे' व 'नापास होणे' यांची गल्लत सांभाळा. पडला म्हणजे 'फेल', त्याचं मूळ रूप 'फॉल'. नापास झाला म्हणजे 'फेल्ड', त्याचं मूळ रूप 'फेल'. तो पडला नाही: 'ही डिडन्ट फॉल'. तो नापास झाला नाही: 'ही डिडन्ट फेल'.

पायरी पहिली: लपलेला 'डिड' बाहेर काढा

एक साधं वाक्य घेऊ. 'शी बॉट मँगोज', तिने आंबे घेतले.

'बॉट'मध्ये दोन गोष्टी एकत्र आहेत: 'बाय' म्हणजे विकत घेणे, आणि भूतकाळ. या दोन सुट्या करायच्या. भूतकाळ 'डिड'कडे दिला की उरतं 'बाय'. वाक्य होतं 'शी डिड बाय मँगोज'. हे वाक्य चुकीचं नाही. कोणी शंका घेतली, 'छे, तिने कुठले आंबे घेतले?' तर 'घेतले हो तिने!' असं ठासून सांगताना इंग्रजीत असंच म्हणतात आणि 'डिड'वर जोर देतात. एरवी होकारार्थी वाक्यात 'डिड' दिसत नाही, क्रियापदाच्या पोटात असतो.

नवशिक्यांनी सुरुवातीचे काही दिवस हे मधलं वाक्य मनात म्हणावंच. 'शी बॉट'वरून थेट नकारावर उडी मारायला गेलं की 'डिडन्ट बॉट' होतं. मध्ये 'शी डिड बाय'वर क्षणभर थांबलं की होत नाही.

पायरी दुसरी: नकार

'डिड'च्या लगेच मागे 'नॉट' ठेवा. 'शी डिड नॉट बाय मँगोज.' बोलताना दोन्ही जोडून 'डिडन्ट'. लिहिताना वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, एन आणि टी यांच्या मध्ये येतं. डी आणि एन यांच्या मध्ये टाकलेलं बऱ्याच अर्जांत दिसतं, ते चूक. ऑफिसच्या पत्रात किंवा अर्जात 'डिड नॉट' असं सुटं लिहिलेलं बरं दिसतं, मेसेजमध्ये 'डिडन्ट' चालतं.

आता एक दिलासा. मराठीत भूतकाळाची रूपं किती आहेत ते बघा: गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेल्या. शिवाय 'मी आंबा खाल्ला' पण 'मी पोळी खाल्ली', म्हणजे खाणाऱ्यापेक्षा खाल्लेल्या वस्तूवरून क्रियापद बदलतं. हे सगळं आपण न चुकता बोलतो. इंग्रजीत 'आय', 'यू', 'शी', 'दे' कोणीही असो, 'डिडन्ट गो' तेच. वर्तमानकाळातली 'डू' की 'डझ' ही भानगडही इथे नाही. म्हणून 'शी डिडन्ट गोज' म्हणू नका, 'डिड' आल्यावर क्रियापदाला एस लागत नाही.

नेहमी लागणारं वाक्य बघा. 'ओटीपी आला नाही' हे कस्टमर केअरला सांगायचं आहे. 'आय डिड नॉट रिसीव्ह द ओटीपी.' इथे बरेच जण 'रिसीव्ह्ड' म्हणतात. बोलताना तो 'ड' पुढच्या 'द'मध्ये मिसळून जातो, कोणाच्या लक्षात येत नाही. ईमेलमध्ये मात्र तो स्पष्ट दिसतो. ही चूक कुठून येते तेही समजून घ्या. 'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द ओटीपी' हे वाक्य बरोबर आहे, कारण 'हॅव'नंतर क्रियापदाचं तिसरं रूप लागतं. ही दोन्ही वाक्यं सारखी कानावर पडतात आणि त्यांची सरमिसळ होते. 'हॅव नॉट रिसीव्ह्ड' बरोबर, 'डिड नॉट रिसीव्ह' बरोबर. एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड जोडू नका. 'अजून मिळाला नाही' असं सांगायचं असेल तर पहिलं जास्त बरं, 'काल रात्री मिळाला नाही' असेल तर दुसरंच.

पायरी तिसरी: हो-नाही उत्तराचा प्रश्न

मराठीत प्रश्न करणं फार सोपं. वाक्य बोलून संपलं की 'का' लावायचा: 'तिने आंबे घेतले का?' सुरुवातीपासून काहीच हलवावं लागत नाही. इंग्रजीत पहिला शब्द ऐकताच कळलं पाहिजे की प्रश्न येतोय. म्हणून 'डिड' उचलून कर्त्याच्या आधी आणायचा: 'डिड शी बाय मँगोज?' आधी 'डिड', मग माणूस, मग मूळ क्रियापद, मग बाकीचं.

'यू वेंट?' असं सूर चढवून विचारलं तर समोरच्याला कळतं, पण तो आश्चर्याचा सूर आहे, 'काय सांगतोस, गेलास तू?' अशा अर्थाचा. साधी चौकशी करायची तर 'डिड यू गो?'

ऐकताना एक अडचण येते. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक 'डिड यू' भरभर बोलतात तेव्हा ते 'डिजू'सारखं ऐकू येतं. 'डिजू सी इट?' कानावर आलं तर गोंधळू नका, ते 'डिड यू सी इट?' आहे. स्वतः तसं बोलायची काहीच गरज नाही. 'डिड यू' स्वच्छ म्हणा.

उत्तर देताना पूर्ण वाक्य लागत नाही: 'येस, आय डिड.' 'नो, आय डिडन्ट.'

पायरी चौथी: कुठे, कधी, का, कसं

प्रश्नार्थक शब्द सगळ्यात पुढे, त्यामागे पायरी तिसरीतला प्रश्न जसाच्या तसा. 'डिड यू गो?' तयार आहे. पुढे 'व्हेअर' लावा: 'व्हेअर डिड यू गो?' 'व्हेन' लावा: 'व्हेन डिड यू गो?' 'हाऊ', 'व्हाय', 'व्हॉट टाइम' सगळ्यांचं तेच.

मराठीत 'कुठे' हा शब्द कर्त्यानंतर येतो, 'तू कुठे गेलास?' म्हणून 'यू व्हेअर वेंट?' असं सुचतं. शिवाय 'व्हाय यू डिडन्ट कम?' हे तर ऑफिसांत रोज ऐकू येतं. इथे 'डिडन्ट' आहे, मूळ रूप आहे, फक्त जागा चुकली. 'व्हाय डिडन्ट यू कम?' हवं. 'डिड नॉट' सुटं ठेवलं तर 'नॉट' माणसाच्या मागे जातो: 'व्हाय डिड यू नॉट इन्फॉर्म अस?' हे ऐकायला कडक वाटतं, नोटिशीच्या भाषेतलं.

आपला 'का' दोन कामं करतो याकडेही लक्ष द्या. 'तू आला नाहीस का?' इथे उत्तर हो किंवा नाही, म्हणून 'डिडन्ट यू कम?' 'तू का आला नाहीस?' इथे कारण विचारलंय, म्हणून 'व्हाय डिडन्ट यू कम?' मनात मराठी वाक्य तयार होत असेल तर 'का' शेवटी आहे की क्रियापदाच्या आधी, एवढं बघा.

कोण आलं आणि कोणाला बोलावलं

'काच कोणी फोडली?' हे इंग्रजीत 'हू ब्रोक द ग्लास?' इथे 'डिड' नाही, क्रियापद भूतकाळातच. आणि 'तू कोणाला भेटलास?' हे 'हू डिड यू मीट?' इथे 'डिड' आहे. पुस्तकात याचं स्पष्टीकरण 'हू हा कर्ता असेल तर' असं दिलेलं असतं आणि बोलण्याच्या घाईत कर्ता शोधायला वेळ नसतो.

पण मराठी बोलणाऱ्याला तो शोधावाच लागत नाही, आपल्या विभक्तीने तो आधीच सांगितलेला असतो. मराठी प्रश्नात 'कोण' किंवा 'कोणी' असेल तर 'डिड' नको. 'कोणाला', 'कोणाशी', 'कोणाकडे', 'कोणाबरोबर' असेल तर 'डिड' हवा.

कोण आलं? 'हू केम?' तुला कोणी सांगितलं? 'हू टोल्ड यू?' पैसे कोणी भरले? 'हू पेड?' आता दुसऱ्या बाजूने: तू कोणाला सांगितलंस? 'हू डिड यू टेल?' तू कोणाशी बोललीस? 'हू डिड यू टॉक टू?' हा शेवटचा 'टू' म्हणजे आपला 'शी', तो वाक्याच्या टोकाला राहतो, गाळू नका.

फक्त 'कोणी' या शब्दाने फसू नका. 'कोणी आलं का?' हा 'कोण'चा प्रश्न नाही, कारण शेवटी 'का' आहे आणि उत्तर हो-नाही आहे. ते 'डिड एनीवन कम?'

'काय'चं थोडं वेगळं आहे, कारण 'काय' दोन्हीकडे सारखंच दिसतं. तिथे असं बघा: वाक्यात कोणी माणूस काही करतोय का? 'काय झालं?' यात कोणी नाही, 'काय' स्वतःच घडलंय: 'व्हॉट हॅपन्ड?' 'काय पडलं?': 'व्हॉट फेल?' पण 'तू काय खाल्लंस?' यात खाणारा तू आहेस: 'व्हॉट डिड यू ईट?' 'व्हॉट डिड हॅपन?' असं कोणाच्या तोंडून ऐकलं तर ते नेहमीच्या चौकशीचं वाक्य समजू नका. 'मग झालं तरी काय?' असा जोर असेल तेव्हाच ते येतं.

'किती जण आले?' हेही 'कोण'सारखंच: 'हाऊ मेनी पीपल केम?' आणि 'तू किती जणांना बोलावलंस?': 'हाऊ मेनी पीपल डिड यू इन्व्हाइट?' नकार असेल तर मात्र 'कोण'बरोबरही 'डिडन्ट' येतोच, कारण 'नॉट'ला टेकायला 'डिड' लागतो. कोण आलं नाही? 'हू डिडन्ट कम?'

'वॉज' आणि 'वेअर' असतील तिथे 'डिड' नको

पूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या मागे थेट 'नॉट' लावून नकार होत असे आणि क्रियापदच पुढे आणून प्रश्न होत असे. सोळाव्या-सतराव्या शतकात ही जुनी पद्धत आणि 'डिड'ची पद्धत शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढे बहुतेक सगळ्या क्रियापदांनी 'डिड' घेतला. 'वॉज', 'वेअर' आणि 'कुड', 'वुड', 'शुड' यांनी जुनी रीत सोडली नाही. म्हणून 'आय वॉज नॉट वेल', 'वॉज शी अ‍ॅट होम?', 'व्हेअर वेअर यू?' आणि 'आय कुड नॉट कम'. यांच्या जवळपास 'डिड' आणायचा नाही. 'डिड यू वॉज' किंवा 'आय डिडन्ट वॉज' ही वाक्यं इंग्रजीत नाहीत.

मुलाखतीत हमखास येणारी दोन वाक्यं इथेच पक्की करा. तुमचा जन्म कुठे झाला? 'व्हेअर वेअर यू बॉर्न?' 'डिड यू बॉर्न' नव्हे. तुमचं लग्न कधी झालं? 'व्हेन डिड यू गेट मॅरिड?' मराठीत दोन्हीकडे 'झालं', इंग्रजीत एकीकडे 'वेअर', दुसरीकडे 'डिड'. ही वाक्यं अख्खीच लक्षात ठेवा.

खरा घोळ होतो तो आपल्या 'नव्हतं'मुळे. हा एकच शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या घरी जातो.

'मला भूक नव्हती', 'मला बरं नव्हतं': माणूस कसा होता ते सांगितलंय, म्हणून 'आय वॉज नॉट हंग्री', 'आय वॉज नॉट वेल'.

'माझ्याकडे पैसे नव्हते', 'आमच्याकडे गाडी नव्हती': जवळ असण्या-नसण्याची गोष्ट, म्हणून 'हॅव'. 'आय डिडन्ट हॅव मनी', 'वी डिडन्ट हॅव अ कार'. 'आय वॉज नॉट मनी' म्हटलं तर 'मी पैसा नव्हतो' असा अर्थ होतो.

'नळाला पाणी नव्हतं', 'गाडीत जागा नव्हती': एखाद्या ठिकाणी काही नव्हतं, म्हणून 'देअर वॉज नो वॉटर', 'देअर वॉज नो सीट'.

'तो ऐकत नव्हता', 'पाऊस पडत नव्हता': क्रिया त्या वेळी चालू नव्हती, म्हणून 'ही वॉज नॉट लिसनिंग', 'इट वॉज नॉट रेनिंग'. या मराठी वाक्यात भूतकाळ 'नव्हता'वर आहे आणि 'ऐकत' कोरा आहे. शिक्का एकदाच मारायची पद्धत मराठीतही आहे ती अशी. 'डिडन्ट गो' म्हणताना जीभ अडत असेल तर 'जात नव्हतो' आठवा. 'गेलो नाही'पेक्षा ते इंग्रजीच्या जास्त जवळचं आहे.

'हॅड' आणि 'डू' ही साधी क्रियापदं

'मी नाश्ता केला', 'आय हॅड ब्रेकफास्ट'. नकार: 'आय डिडन्ट हॅव ब्रेकफास्ट.' प्रश्न: 'डिड यू हॅव ब्रेकफास्ट?' 'हॅड'चं 'हॅव' झालं, बाकी नियम तोच. 'डू'मध्ये दोन 'डू' आल्यासारखे वाटतात आणि माणूस बिचकतो. मी गृहपाठ केला नाही: 'आय डिडन्ट डू द होमवर्क.' पहिला 'डिड' भूतकाळ दाखवतो, दुसरा 'डू' म्हणजे करणे. 'आय डिडन्ट द होमवर्क' म्हटलं तर करणं राहूनच जातं.

पूर्वीची सवय सांगणारं 'यूज्ड टू' असंच चालतं. तुम्ही पूर्वी नागपूरला राहायचात का? 'डिड यू यूज टू लिव्ह इन नागपूर?' लिहिताना 'यूज'चा शेवटचा डी जातो. आणि 'लिव्ह' र्‍हस्व म्हणा. दीर्घ 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे.

'गेलो होतो'ला 'हॅड गॉन' करू नका

मराठीत आपण अगदी साध्या गोष्टीलाही 'होतो' लावतो. 'मी काल पुण्याला गेलो होतो', 'तू फोन केला होतास का?' यात पुण्याआधी किंवा फोनआधी दुसरं काही घडलं असा अर्थ नसतो. जाऊन परत आलो, एवढंच. पण शब्दाला शब्द लावला की 'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे' आणि 'हॅड यू कॉल्ड मी?' अशी वाक्यं तयार होतात. इंग्रजीत 'हॅड गॉन' तेव्हाच येतं जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्याही आधीचं सांगायचं असतं: मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.'

बाकी सगळीकडे साधा भूतकाळ पुरतो. 'आय वेंट टू पुणे येस्टरडे.' 'डिड यू कॉल मी?' 'आय डिडन्ट कॉल यू.' तू काल कुठे गेला होतास? 'व्हेअर डिड यू गो येस्टरडे?' माझ्या मते मराठी माणसाचं बोललेलं इंग्रजी या एका बदलाने सगळ्यात जास्त सुधारतं.

'कोणीच नाही', 'काहीच नाही'

मराठीत 'मी काहीच खाल्लं नाही' म्हणतो. 'काहीच' नकाराच्या बाजूला झुकलेला आणि वर 'नाही'. इंग्रजीत नकार एकदाच द्यायचा. एक तर 'आय डिडन्ट ईट एनीथिंग', किंवा 'आय एट नथिंग'. 'आय डिडन्ट ईट नथिंग' नको. कोणीच आलं नाही: 'नोबडी केम.' मी तिला कधीच भेटलो नाही: 'आय नेव्हर मेट हर.' 'नेव्हर'ने नकार झाला, आता 'डिडन्ट'ची गरज नाही आणि क्रियापद भूतकाळातच राहतं.

उलट्या प्रश्नाला उत्तर

'तू गेला नाहीस का?' याला मराठीत 'हो, नाही गेलो' असंही उत्तर देतात. 'हो' म्हणजे तुझं म्हणणं बरोबर. इंग्रजीत 'येस'चा संबंध समोरच्याच्या म्हणण्याशी नसतो, घडलेल्या गोष्टीशी असतो. गेलात तर 'येस, आय डिड'. गेला नाहीत तर 'नो, आय डिडन्ट'. प्रश्न 'डिड यू गो?' असो की 'डिडन्ट यू गो?', उत्तर बदलत नाही. 'येस, आय डिडन्ट' ऐकून समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो, आणि पैशाच्या व्यवहारात याने खरं नुकसान होऊ शकतं. 'डिडन्ट यू शेअर द पिन?' या प्रश्नाला पिन सांगितला नसेल तर 'नो, आय डिडन्ट' एवढंच म्हणा.

आपल्या 'ना?' साठी: 'तू पैसे भरलेस ना?' हे 'यू पेड, डिडन्ट यू?' आणि 'तू भरले नाहीस ना?' हे 'यू डिडन्ट पे, डिड यू?' सगळ्याला 'इजन्ट इट?' जोडायची सवय लागली असेल तर भूतकाळापुरती तरी ती सोडा.

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात असेल तर

'तो कुठे गेला तुला माहीत आहे का?' यात खरा प्रश्न 'माहीत आहे का' हा आहे. 'डू यू नो व्हेअर ही वेंट?' आतल्या भागात 'डिड' नाही, उलटापालटही नाही. 'आय डोन्ट नो व्हाय शी केम' हेही तसंच. हे थोडं पुढचं आहे, आधीच्या पायऱ्या सहज जमल्यावर याकडे या.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

प्रश्नपत्रिकेत 'निगेटिव्ह करा' याचे दोन अर्थ असतात. नुसतं नकारार्थी करायचं असेल तर 'शी रिमेंबर्ड माय नेम'चं 'शी डिड नॉट रिमेंबर माय नेम'. पण 'अर्थ न बदलता' असं लिहिलेलं असेल तर विरुद्धार्थी शब्द घ्यावा लागतो: 'शी डिड नॉट फरगेट माय नेम'. सूचना पूर्ण वाचा. मार्क जातात ते इथे, व्याकरणात नाही.

सराव कसा करायचा

रोज रात्री दिवसभरात केलेल्या चार-पाच गोष्टी इंग्रजीत म्हणा: 'आय वोक अप अ‍ॅट सिक्स.' 'आय टुक द बस.' मग प्रत्येकीचा नकार, मग तोच प्रश्न घरातल्या कोणाला तरी. 'डिड यू टेक द बस?' समोरच्याने 'येस, आय डिड' किंवा 'नो, आय डिडन्ट' म्हणायचं. घरात कोणी नसेल तर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, 'डिड'नंतर 'टुक' निसटलं तर ते कानाला लगेच टोचेल. वेग नंतर येतो. सुरुवातीला 'डिड'नंतर किंचित थांबून मूळ रूप शोधलं तरी चालेल.

आता ही वाक्यं खालचं न बघता इंग्रजीत करून पाहा: मला समजलं नाही. तुम्हाला जेवण आवडलं का? त्यांनी दुकान कधी उघडलं? हे कोणी लिहिलं? तुम्ही हे कोणाला दिलंत? काल माझ्याकडे चावी नव्हती. ती काल ऑफिसला का आली नव्हती? मला येता आलं नाही. कोणीच मला काही सांगितलं नाही.

उत्तरं अशी. 'आय डिडन्ट अंडरस्टँड.' 'डिड यू लाइक द फूड?' या दोन्हींत मराठीतला 'मला', 'तुम्हाला' इंग्रजीत 'आय', 'यू' होतो; इंग्रजी 'मी' म्हणजे 'मला', म्हणून 'मी डिडन्ट' होत नाही. 'व्हेन डिड दे ओपन द शॉप?' 'हू रोट धिस?' 'हू डिड यू गिव्ह धिस टू?' 'आय डिडन्ट हॅव द की येस्टरडे.' 'व्हाय डिडन्ट शी कम टू द ऑफिस येस्टरडे?' इथे 'आली नव्हती' असूनही 'हॅड' नाही. 'आय कुडन्ट कम.' 'येता आलं नाही', 'जमलं नाही' यांना 'कुडन्ट' लागतो आणि 'डिड' बाजूला राहतो. शेवटचं: 'नोबडी टोल्ड मी एनीथिंग.' 'नोबडी'मध्ये नकार आला म्हणून 'डिडन्ट' गेला, 'डिड' गेला म्हणून 'टोल्ड' भूतकाळात राहिलं, आणि नकार एकदा झाला म्हणून 'नथिंग'च्या जागी 'एनीथिंग'.